विसाव्या दिवसानंतर

मुलीच्या हातून कंपासपेटी पडली, एवढंच झालं होतं. पत्र्याची पेटी ती, फरशीवर आपटली, आतलं सगळं खोलीभर विखुरलं आणि मी ओरडले. इतक्या जोरात ओरडले की माझा आवाज मलाच ओळखू येईना. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. ती काहीच बोलली नाही. खाली बसून एकेक वस्तू वेचायला लागली. कोनमापक कपाटाखाली गेला होता, तो काढायला ती पालथी पडली. तिची वेणी फरशीवर घासत होती आणि मी नुसती बघत उभी होते. स्वतःचा भयंकर राग येत होता, तरी पुढचं वाक्य तोंडातून गेलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी आली आणि दुपारपर्यंत मळभ सरावं तसं डोकं निवळलं. "म्हणून होतं तर ते सगळं!" हे मी दहा-बारा वर्षं दर महिन्याला मनाशी म्हणत आले होते, आणि प्रत्येक वेळी उशिरा. पाळी यायची आणि मागल्या आठवड्याचा उलगडा करून द्यायची, पण तोवर बोलायचं ते बोलून झालेलं असायचं. त्या दिवशी मात्र मुलीने मला विचारलं, "आई, तू आता बरी आहेस ना?" मी आजारी असल्यासारखं, काळजीने. त्या प्रश्नाने मी डॉक्टरांकडे गेले.

खरं तर एका डॉक्टरांकडे पूर्वी जाऊन आले होते. "सगळ्याच बायकांना होतं, फार मनाला लावून घेऊ नका," एवढं ऐकून परत आले होते आणि पुढची चार वर्षं गप्प बसले. ही चार वर्षं मला आजही टोचतात. या वेळच्या डॉक्टर बाईंनी आधी सगळं ऐकून घेतलं. छाती जड होणं, पोट फुगणं, पावलं सुजल्यासारखी वाटणं, रात्री तीनला जाग येणं, बारीकसारीक गोष्टींवरून डोळे भरून येणं, चिडचिड. मग हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी लिहून दिली, कारण थकवा आणि उदासपणा त्यामुळेही येतो. आणि म्हणाल्या, "दोन पाळ्यांची नोंद ठेवा. रोज रात्री, त्याच दिवशी. आठवून लिहू नका, आठवण फसवते."

तर अशी माझी वही सुरू झाली. पाळीचा पहिला दिवस म्हणजे १. पुढे रोज एक ओळ, तीत चिडचिड, रडू, झोप, पोट, छाती, डोकं, कंबर. प्रत्येकापुढे ० ते ३ आकडा. शून्य म्हणजे अजिबात नाही, तीन म्हणजे त्याने दिवसाचं काम अडलं. दोन मिनिटांचं काम, पण मी आजवर स्वतःसाठी केलेल्या कामांत याहून उपयोगाचं दुसरं काही आठवत नाही.

दोन महिन्यांनी ती पानं शेजारी शेजारी ठेवली तेव्हा अंगावर काटा आला. चौथ्या दिवसापासून विसाव्यापर्यंत चिडचिडीच्या रकान्यात जवळजवळ सगळी शून्यं. एकविसाव्या दिवशी १. मग २, २, ३. शेवटचे चार दिवस सलग ३. पाळीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य. दोन्ही महिन्यांत तेच. म्हणजे मी स्वभावाने तापट नव्हते. महिन्यातले आठ दिवस काहीतरी घडत होतं आणि ते घडण्याला वेळापत्रक होतं. वहीने आणखी एक गोष्ट दाखवली, जी मला अपेक्षित नव्हती. कंबरदुखीचं खापर मी नेहमी पाळीवर फोडायचे. पण कंबरेचा रकाना महिनाभर सारखाच भरलेला होता. ते दुखणं खुर्चीत बसण्याचं होतं, पाळीचं नाही.

डॉक्टर बाईंनी कारण समजावलं ते मला पटलं, म्हणून जमेल तसं सांगते. बीज सुटलं की पाळीपर्यंतच्या साधारण दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन चढतं आणि मग उतरतं. त्रास होणाऱ्या बायकांमध्ये हे हार्मोन जास्त असतं किंवा कमी असतं असं नाही. पातळी इतरांसारखीच असते. फरक असतो तो मेंदूच्या त्या चढउताराला दाद देण्यात. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ बनतो, तो मेंदूला शांत करणाऱ्या यंत्रणेवर काम करतो. काहींचा मेंदू त्याच्या बदलत्या पातळीशी नीट जुळवून घेत नाही. सेरोटोनिन या मनःस्थितीशी संबंधित मेंदूतल्या रसायनाचाही यात भाग आहे. हे ऐकून मला रडूच आलं. कारण मनाचे खेळ, मनाचे खेळ असं इतकी वर्षं ऐकलं होतं, त्याला शरीरात जागा होती. अमेरिकेतल्या रॉबर्ट फ्रँक या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९३१ मध्ये या त्रासावर लिहिलं आणि त्याला 'प्रीमेन्स्ट्रुअल टेन्शन' म्हटलं. १९५३ मध्ये ब्रिटनच्या रेमंड ग्रीन आणि कॅथरिना डाल्टन या डॉक्टरांनी 'सिंड्रोम', म्हणजे लक्षणांचा समूह, हा शब्द आणला, कारण ताणाच्या जोडीला इतरही पुष्कळ काही होतं. म्हणजे माझ्या आईच्या तरुणपणीही याला नाव होतं. आईपर्यंत ते पोचलं नव्हतं, इतकंच.

उपायांची यादी त्यांनी सांगितली. व्यायाम, झोप, कॅल्शियम, आणि त्याने भागलं नाही तर गोळ्या. "तीन महिने नेमाने व्यायाम करा, वही चालू ठेवा, मग बसून ठरवू."

मी घरी आले आणि चूक केली. वहीत तो चोविसावा दिवस होता. उत्साह इतका होता की दुसऱ्या दिवशीच एका वर्गाला गेले. उड्या, धावणं, संगीताच्या तालावर हातपाय फेकणं. त्या दिवसांत माझी छाती अशी दुखते की जिना उतरतानाही हात धरावासा वाटतो आणि मी तिथे उड्या मारत होते, तेही रोजच्या घरातल्या ब्रामध्ये. दहा मिनिटांत थांबले. शिकवणाऱ्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "मनाची तयारी लागते, कारणं नकोत." मी स्वच्छतागृहात जाऊन रडले आणि परत गेले नाही. त्या महिन्याच्या वहीत पंचविसाव्या दिवसापुढे सगळ्या रकान्यांत ३ आहे.

तेव्हा कळलं नाही, आता स्वच्छ दिसतं. त्या आठवड्यात व्यायाम सुरू करायचा नसतो. तो आठवडा येईपर्यंत व्यायाम अंगवळणी पडलेला असावा लागतो. तब्येत ठीक असते त्या दिवसांत आपल्याला व्यायामाची आठवण होत नाही, आणि ठीक नसते तेव्हा आपण त्याच्याकडे धाव घेतो. मी उलटं करायचं ठरवलं. पुढची पाळी आली, चौथा दिवस उजाडला आणि मी चप्पल सोडून बूट घातले.

सुरुवात चालण्याने केली. आठवड्यातले पाच दिवस, तीस मिनिटं. वेग किती, तर शेजारी कुणी असेल तर बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका. हे माप मला फार आवडलं, त्याला घड्याळ लागत नाही की पट्टा लागत नाही. पाच दिवसांची १५० मिनिटं होतात, आणि मोठ्या माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान तेवढीच सांगते. तीच संघटना आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताकद देणारा व्यायामही सांगते. त्यासाठी मी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं आणि भिंतीला हात लावून दंड काढणं एवढंच केलं. कंबरेचं दुखणं कमी झालं ते याने. त्या गोष्टीचा पाळीशी संबंध नव्हता, पण एक तक्रार कमी झाली की बाकीच्यांकडे नीट बघता येतं.

योगाला मी जरा बिचकत होते. लवचिक मी कधीच नव्हते. पण ओळखीतल्या एक योगशिक्षिका भेटल्या. त्या माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला पडवून ठेवलं. म्हणजे आसन म्हणून पडायला लावलं. सुप्त बद्धकोणासन. या एका आसनाबद्दल मला सविस्तर लिहायचंय.

जाड लोड लांबीच्या बाजूने मागे ठेवला. त्याच्या टोकाला कंबर टेकवून बसायचं आणि हळूहळू पाठ त्यावर टेकत मागे जायचं. डोक्याखाली दोन घड्यांचा टॉवेल, म्हणजे हनुवटी कपाळापेक्षा किंचित खाली राहते. दोन्ही तळपाय एकमेकांना चिकटवायचे, गुडघे दोन बाजूंना सोडायचे. आणि सोडायचे म्हणजे लोंबकळत ठेवायचे नाहीत. बाईंनी दोन्ही गुडघ्यांखाली उश्या सरकवल्या. एक उशी कमी पडली तर त्यावर चादरीची घडी. म्हणाल्या, "मांडीला ताण जाणवला तर उशी कमी आहे. हे ताणायचं आसन नाही, टेकायचं आहे." मग माझा एक हात उचलून त्यांनी माझ्या ओटीपोटावर ठेवला आणि विचारलं, "पोट कुणी धरून ठेवलंय?"

मी धरून ठेवलं होतं. त्या क्षणापर्यंत मला माहीत नव्हतं की मी पोट आत ओढून जगते. फुगलेलं पोट दिसू नये म्हणून, कपडे बसावेत म्हणून, सवयीने. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. पाचव्या-सहाव्या श्वासाला पोट सुटलं. सुटलं म्हणजे हाताखाली ते मऊ झालं, वर आलं, आणि त्याबरोबर जबडाही सैल पडला. दातावर दात धरलेले होते, हेही तेव्हाच कळलं. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांत गेलं. बाई काही बोलल्या नाहीत, दिवा तेवढा मंद केला. दहा मिनिटांनी कुशीवर वळवून त्यांनी मला उठवलं.

तेव्हापासून संध्याकाळची वीस मिनिटं माझी आहेत. क्रम फारसा बदलत नाही. आधी मार्जारासन, हात आणि गुडघे टेकून, श्वास घेताना पाठ खाली, सोडताना वर, आठ-दहा वेळा, मणका एकेक मणी सुटा झाल्यासारखा वाटेपर्यंत. मग बालासन, गुडघे दुमडून टाचांवर बसून पुढे वाकणं. हे आसन मला पहिल्यांदा सोसलंच नाही, कारण पुढे वाकलं की छाती मांड्यांवर दाबली जायची आणि कळ यायची. बाईंनी गुडघे एकमेकांपासून लांब करायला सांगितले आणि मधोमध जाड उशी दिली. गाल उशीवर, पोट मोकळं, छातीवर भार नाही. ज्यांना त्या दिवसांत हे आसन नकोसं होतं त्यांनी उशी घेऊन एकदा बघावंच. मग पाठीवर पडून सेतुबंधासन, पण माकडहाडाच्या जरा वरच्या भागाखाली घडी घातलेलं ब्लँकेट ठेवून, म्हणजे कंबर आपण उचलून धरायची नाही, टेकून ठेवायची. शेवटी भिंतीला पाय लावून पडणं, सात-आठ मिनिटं. संध्याकाळी पावलं जड झालेली असतात, ती हलकी होतात, आणि मी झोपायला जाईपर्यंत तो हलकेपणा राहतो. त्यानंतर सुप्त बद्धकोणासन, आणि शवासन.

पाळी चालू असताना पाय वर करावेत की नाही यावर वेगवेगळे शिक्षक वेगवेगळं सांगतात. माझ्या बाई म्हणतात, बरं वाटलं तर करा, नाही वाटलं तर नका करू. मी पहिले दोन दिवस पाय वर करत नाही, कारण मला बरं वाटत नाही. एवढंच कारण मला पुरतं. कपालभातीचे जोरकस धक्के आणि पोट पिळणारी आसनं मात्र मी विसाव्या दिवसानंतर सोडून देते. फुगलेल्या पोटावर ती अंगावर येतात.

भ्रामरीचं वेगळं सांगायला हवं. ओठ मिटून, श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव. मला ती चटईवरच्यापेक्षा स्वयंपाकघरात जास्त कामी आली. त्या दिवसांत राग येतो तो चढत येत नाही, एकदम भरलेलाच येतो. तेव्हा कट्ट्याला हात टेकून तीन लांब गुंजारव केले की उच्छ्वास आपोआप लांबतो. राग जात नाही. पण तोंडावर येऊन उभं राहिलेलं वाक्य एक पाऊल मागे सरतं, आणि मला ते बघता येतं. मुलगी हल्ली तो आवाज ओळखते.

आता वहीत काय झालं ते. पहिल्या महिन्यात काहीही बदललं नाही. अक्षरशः काहीही. आकडे तेच. मी निराश झाले होते, पण तीन महिन्यांचं बोलणं झालं होतं म्हणून चालू ठेवलं. दुसऱ्या महिन्यात झोपेचा रकाना सुधारला, रात्री तीनची जाग पाच दिवसांऐवजी दोनच दिवस आली. तिसऱ्या महिन्यात चिडचिडीला फक्त एकदा ३ पडला आणि त्रासाचे दिवस आठावरून चारावर आले. छातीचं जडपण होतं तिथेच राहिलं. आजही आहे. त्याला व्यायामाचा उपयोग झाला नाही, नीट आधार देणाऱ्या स्पोर्ट्स ब्राचा झाला. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण व्यायामाने सगळं जातं असं कुणी सांगितलं की ज्यांचं जात नाही त्या बायका स्वतःला दोष देतात.

आणि मला झालेला सगळा फायदा व्यायामाचाच होता, असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. डॉक्टर बाईंनी एक गोष्ट सांगितली होती ती माझ्या कायम डोक्यात आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये कॅल्शियमची मोठी चाचणी झाली. रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या बायकांचा त्रास तिसऱ्या पाळीपर्यंत ४८ टक्क्यांनी कमी झाला. पण ज्यांना काहीच औषध नसलेली गोळी दिली होती त्यांचाही ३० टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय, आपण काहीतरी करतोय, यानेही बरं वाटतं. आणि व्यायामावरचे अभ्यास तर बहुतेक लहान आणि थोड्या दिवसांचे आहेत. शिवाय चालणाऱ्या बाईला आपण चालतोय हे कळतंच, तिला खोटी गोळी देता येत नाही. तरी त्या अभ्यासांचा कल एकाच बाजूला आहे, फायद्याच्या. मला तेवढं पुरेसं वाटतं, कारण चालण्याने आणि ताकदीच्या व्यायामाने मिळणारं बाकीचं सगळं तर हातात पडतंच.

विसाव्या दिवसानंतरचा व्यायाम कसा करायचा, हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. सुरुवातीला मी तोच वेग, तेवढाच वेळ धरून ठेवायचे आणि दमले की स्वतःवर रागवायचे. नंतर कळलं की बीज सुटल्यावर शरीराचं तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअस वाढतं आणि पाळीपर्यंत तसंच राहतं. मला त्या दिवसांत तोच रस्ता चढणीचा वाटतो, घाम लवकर फुटतो, धाप लवकर लागते. हा आळस नव्हता. तेव्हापासून मी त्या आठवड्यासाठी एक वेगळी पातळी ठरवली. दहा मिनिटं चालायचं आणि एक आसन करायचं. त्यापेक्षा जास्त झालं तर उत्तम, पण त्यापेक्षा कमी नाही. दहा मिनिटांसाठी घराबाहेर पडले की बहुतेक वेळा वीस होतात. नाही झाली तरी वहीत बरोबरची खूण पडते. नेम तुटला नाही याचं बळ फार मोठं असतं, विशेषतः ज्या आठवड्यात स्वतःबद्दल काहीच चांगलं वाटत नसतं.

आणखी एक. त्या दिवसांत चालणं मी सकाळी ठेवते, घरात कुणी कुणाशी बोलायच्या आत.

गेल्या वर्षी एकदा कामाच्या धबडग्यात पाचव्या दिवसापासून अठराव्या दिवसापर्यंत एकदाही चालले नाही. त्या महिन्याचे शेवटचे सहा दिवस जुन्या आकड्यांचे होते. एका महिन्यावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. कामाचा ताणही होताच. पण पुढच्या पाळीच्या चौथ्या दिवशी मला कुणी बूट घालायला सांगावं लागलं नाही.

घरात मी सगळं सांगून टाकलं. वही नवऱ्याला दाखवली, मुलीला समजेल तसं सांगितलं. एक अटही घातली. मी काही बोलले की "तुझे दिवस जवळ आलेत का?" असं कुणी विचारायचं नाही. कारण वहीने मला एक अवघड गोष्ट शिकवली होती. त्या दिवसांत मी ज्यावर चिडते, त्यातलं पुष्कळसं खरं असतं. रात्री मागे राहिलेली भांडी मीच घासते, हे पंचविसाव्या दिवशी जितकं खरं असतं तितकंच दहाव्या दिवशीही असतं. दहाव्या दिवशी मी ते गिळते. पंचविसाव्या दिवशी गिळता येत नाही. मग ओरडण्याची लाज वाटते आणि लाजेपोटी मी मूळ तक्रारही मागे घेते. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. ओरडण्याची माफी मागता मागता मी भांड्यांचीही माफी मागत होते.

म्हणून मी एक सवय लावून घेतली. त्या दिवसांत ज्या ज्या गोष्टीने डोकं फिरतं, ती वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवते. पाळी संपली, सातवा-आठवा दिवस आला की ते पान उघडते. निम्म्या गोष्टी तोवर क्षुल्लक वाटतात, त्या खोडते. उरलेल्या मात्र शांतपणे बोलते. भांडी, मुलीच्या शाळेची कामं, माझ्या वीस मिनिटांत कुणी हाक मारायची नाही, हे सगळं आठव्या दिवशी बोललेलं आहे आणि म्हणून ते टिकलं आहे. नवरा पहिल्यांदा गप्प झाला होता. मग म्हणाला, "हे तू असं कधी सांगितलंच नव्हतंस." सांगितलं होतं. पण ओरडून.

आता माझ्या मावसबहिणीबद्दल, तिच्या परवानगीने. तिला मीच उत्साहाने चालायला लावलं होतं. ती नेमाने चालली, आसनं केली, आणि तरी दर महिन्याला तिच्यासाठी सगळं काळंकुट्ट व्हायचं. मग ती मला म्हणाली, "ताई, माझ्याच्याने तेवढंही नीट होत नाही." आणि मग हळूच म्हणाली की त्या दिवसांत तिला जगावंसंच वाटत नाही. मी त्याच दिवशी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले. नोंदी ठेवल्यावर निदान झालं, पीएमडीडी, म्हणजे पाळीआधीच्या याच त्रासाचा फार तीव्र प्रकार. मनोविकारांच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन नियमावलीत २०१३ पासून हे स्वतंत्र निदान आहे. तिला सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्या दिल्या. एरवीच्या नैराश्यात या गोळ्यांना आठवडे लागतात, या त्रासात मात्र काही दिवसांतच फरक पडू शकतो, म्हणून काहीजणींना त्या फक्त पाळीआधीच्या दोन आठवड्यांपुरत्याही देतात. तिला गुण आला. ती आजही माझ्याबरोबर चालते, पण चालणं हे तिचं औषध नाही आणि मी तसं पुन्हा कधी म्हणणार नाही. ज्यांना त्या दिवसांत जीव नकोसा होतो, त्यांनी नोंदवहीचे दोन महिनेही थांबू नये. आधी डॉक्टर, मग बाकी सगळं.

मी आता ४४ वर्षांची आहे आणि वेळापत्रक बिघडायला लागलंय. एखादी पाळी चोविसाव्या दिवशी येते, एखादी छत्तिसाव्या. विसावा दिवस ही माझी खूण होती, ती आता चालत नाही. गेले सहा-सात महिने मी आकड्याऐवजी शरीराकडे बघायला शिकतेय. उजवी छाती आधी जड होते, मग डावी. अंगठी सकाळी बोटात घट्ट बसते. जबडा. ही तीन लक्षणं दिसली की दहा मिनिटांची पातळी लागू, मग दिवस कुठलाही असो.

मुलीची पाळी गेल्या वर्षी सुरू झाली. तिने तिची स्वतःची वही केली आहे, रकाने माझ्याहून वेगळे आहेत, आणि एक रकाना तिने मला वाचायला मनाई केली आहे. आज माझा सतरावा दिवस. अंगठी सकाळी घट्ट होती. मॅट पसरलेली आहे, भिंतीकडचा दिवा मंद आहे, लोड घेऊन मुलगी आधीच पडली आहे. मी दोन उश्या घेऊन तिच्या शेजारी जागा करतेय.